अंतिम वर्षाच्या प्रकल्पांत स्थलांतराच्या कामाला जागा द्या: संगणक विभागांना खुले पत्र

प्रति,
संगणक अभियांत्रिकी व माहिती तंत्रज्ञान विभागांचे प्रमुख आणि अंतिम वर्षाचे प्रकल्प मार्गदर्शक,
महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालये

विषय: पायजीटीकेवर लिहिलेले मुक्त डेस्कटॉप प्रोग्रॅम पायजीऑब्जेक्टवर हलवण्याचे काम अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून मान्य करण्याबाबत

माननीय महोदय, महोदया,

मी पुण्यात काम करणारा एक सॉफ्टवेअर विकसक आहे आणि जुने पायथन प्रोग्रॅम नव्या बाइंडिंगवर, म्हणजे पायथन आणि सी लायब्ररी यांना जोडणाऱ्या नव्या थरावर, हलवण्याचे काम बरीच वर्षे करत आलो आहे. अधूनमधून एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, म्हणून प्रकल्पांच्या परीक्षेलाही बसतो. दरवर्षी सिनॉप्सिसच्या, म्हणजे विषयाचा प्रस्ताव देण्याच्या, वेळी ग्रंथालय व्यवस्थापन, हजेरी व्यवस्थापन आणि वसतिगृह व्यवस्थापन यांचे तेच ते विषय पुन्हा मंजूर होतात. त्याच वेळी एखाद्या गटाने चालू वापरातला, पण मोडकळीला आलेला मुक्त (कोड सर्वांना खुला असलेला) प्रोग्रॅम दुरुस्त करण्याचा विषय आणला, तर ‘यात नवीन काय?’ या एका प्रश्नावर तो परत जातो, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. त्या प्रश्नाला सविस्तर उत्तर मिळावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. स्थलांतर म्हणजे नेमके काय, हे उदाहरणाशिवाय कळत नाही, म्हणून मी एकच उदाहरण घेतो आणि त्याच्या तपशिलात शिरतो. ते उदाहरण पायजीटीके या जुन्या बाइंडिंगकडून पायजीऑब्जेक्ट या नव्या बाइंडिंगकडे जाण्याचे आहे.

जीटीके ही सीमध्ये लिहिलेली, खिडक्या, बटणे आणि याद्या दाखवणारी लायब्ररी जिम्प या चित्रसंपादकासाठी जन्माला आली आणि पुढे लिनक्सवरच्या ग्नोम डेस्कटॉपचा पाया झाली. पायथनमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमला ती वापरता यावी म्हणून मधे जो थर लागतो, त्याला बाइंडिंग म्हणतात. पायजीटीके हे तसे बाइंडिंग होते आणि ते बव्हंशी हातांनी बांधलेले होते. जीटीकेतल्या प्रत्येक फंक्शनचे वर्णन लिस्पच्या धर्तीवरच्या कंसांत, वेगळ्या डेफ्स फायलींत लिहायचे, त्यातून सीचा कोड निर्माण करायचा आणि जिथे निर्माण झालेला कोड पुरत नाही, तिथे ओव्हरराइड फायलींत हाताने सी लिहायचे, अशी ती पद्धत होती. या कष्टांमुळे पायजीटीके वापरायला फार सुखाचे होते, कारण कोणत्या फंक्शनने पायथनमध्ये कसे वागावे, हे माणसाने विचारपूर्वक ठरवलेले असे. मात्र जीटीकेत एक नवे फंक्शन आले की पायथन, पर्ल, रुबी अशा प्रत्येक भाषेच्या बाइंडिंगमध्ये तेच काम पुन्हा करावे लागे.

यावर उपाय म्हणून जीऑब्जेक्ट इंट्रोस्पेक्शन ही यंत्रणा आली. या यंत्रणेत फंक्शनचे वर्णन लायब्ररीच्या सी कोडमधल्या टिप्पण्यांतच लिहितात. परत मिळणाऱ्या वस्तूची मालकी कोणाकडे, कोणता पॉइंटर रिकामा असू शकतो, कोणत्या आर्ग्युमेंटमधून उत्तर बाहेर येते, हे सगळे त्या टिप्पण्यांत असते. एक स्कॅनर त्यावरून एक्सएमएल फाइल बनवतो, तिची आटोपशीर बायनरी टाइपलिब होते, आणि प्रोग्रॅम चालू असताना पायथन ती टाइपलिब वाचून, लिबएफएफआय या सी लायब्ररीच्या मदतीने, थेट सी फंक्शनला हाक मारते. पायथनच्या बाजूचा हा नवा थर म्हणजे पायजीऑब्जेक्ट. त्याची तिसरी आवृत्ती २०११ मध्ये आली आणि त्याच वर्षी पायजीटीकेची शेवटची, २.२४ क्रमांकाची आवृत्ती निघाली. पायजीटीके पायथन ३ वर कधीच आले नाही. १ जानेवारी २०२० रोजी पायथन २ चा आधार संपला, त्या वर्षअखेरीस जीटीके ४ आल्यावर जीटीके २ ची देखभालही थांबली, आणि २०२१ मध्ये आलेल्या डेबियन ११ या लिनक्स वितरणात पायजीटीकेचे पॅकेज उरलेच नाही. म्हणजे जो प्रोग्रॅम तोवर हलला नाही, तो स्वतःत कोणतीही चूक नसताना नव्या यंत्रावर बसेनासा झाला.

कोण हलले आणि कधी, हे पाहण्यासारखे आहे. फेडोरा या लिनक्स वितरणाचा ॲनाकोंडा हा इन्स्टॉलर फेडोरा १८ पासून नव्या बाइंडिंगवर आला. वंशावळी नोंदवणारा ग्रँप्स २०१३ च्या आसपास आला, आणि झिम हा डेस्कटॉप विकी व डेल्यूज हा टॉरेंट प्रोग्रॅम २०१९ मध्ये आले. खुद्द जिम्प, ज्याच्यासाठी जीटीके जन्मली, ते मार्च २०२५ मध्ये आवृत्ती ३.० बरोबर आले, आणि तोपर्यंत त्याचे पायथन प्लगइन पायथन २ व पायजीटीके यांवरच चालत होते. हे सगळे नावाजलेले, सांभाळणारी माणसे असलेले प्रकल्प आहेत. एकट्यादुकट्याने लिहिलेल्या, चांगल्या चालणाऱ्या आणि आज अनाथ झालेल्या प्रोग्रॅमांची अशी यादी कोणी ठेवत नाही.

या हकिगतीचा एक धागा आपल्या राज्यातही येतो. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या, मुलांना स्वस्त लॅपटॉप पुरवणाऱ्या, उपक्रमाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरात गावच्या शाळेत आले होते. त्यांवरचा शुगर हा डेस्कटॉप पायथन आणि पायजीटीके यांत लिहिलेला होता, आणि मुले ज्या ‘ॲक्टिव्हिटी’, म्हणजे लहान प्रोग्रॅम, वापरत, त्याही बहुतांश तशाच होत्या. २०१२ पासून शुगरने जीटीके ३ आणि पायजीऑब्जेक्टवर आधारलेली ‘शुगर३’ ही नवी टूलकिट दिली आणि ॲक्टिव्हिटी एकेक करून तिच्यावर हलवण्याचे काम स्वयंसेवकांच्या हाती आले. त्यांतल्या पुष्कळ हलल्या, काही मागे राहिल्या. मागे राहिलेल्यांपैकी एखादी ॲक्टिव्हिटी उचलणे हा चार विद्यार्थ्यांच्या गटाला एका वर्षात पेलणारा विषय आहे. मूळ लेखकाचा कोड समोर आहे, परवाना मुक्त आहे आणि वापरणारा कोण, हेही ठाऊक आहे.

आता मूळ आक्षेपाकडे येतो. ‘हे तर शोधा-आणि-बदला काम आहे’ असे म्हणणाऱ्या मार्गदर्शकांचे म्हणणे निम्मे खरे आहे. पायजीऑब्जेक्टच्या संग्रहात त्यासाठी एक तयार स्क्रिप्टही होती. ती रेग्युलर एक्स्प्रेशनच्या, म्हणजे मजकुराच्या ठरावीक साच्यांच्या, आधारे जुनी नावे नव्यांत बदलत असे: जुन्या एकाच मॉड्यूलमधली नावे जीटीके, जीडीके, जीलिब, पँगो आणि जीडीके-पिक्सबफ अशी वेगवेगळ्या घरांत वाटायची, सुटे स्थिरांक त्यांच्या त्यांच्या एनमच्या (संबंधित स्थिरांकांच्या गटाच्या) खाली न्यायचे, असे तिचे काम. ती स्क्रिप्ट चालवून झाली की कोड नवा दिसतो. अभियांत्रिकीचे काम त्यानंतर सुरू होते, कारण पायथनमध्ये ह्या चुका कंपाइल करताना सापडत नाहीत. ते बटण दाबेपर्यंत, ती यादी उलगडेपर्यंत किंवा ती फाइल ओढून खिडकीत टाकेपर्यंत त्या गप्प असतात.

एक साधे उदाहरण घ्या. यादीतल्या ओळी गाळण्यासाठी किंवा रकान्यातला मजकूर ठरवण्यासाठी आपण आपले एक फंक्शन जीटीकेला देतो. पायजीटीकेत सोबत जादा डेटा दिला नसेल, तर त्या फंक्शनला तो आर्ग्युमेंट मिळतच नसे, कारण बाइंडिंग लिहिणाऱ्या माणसाने ती सोय करून ठेवली होती. नव्या थरात सी फंक्शनची जशी सही, म्हणजे आर्ग्युमेंटांची यादी, आहे तशीच ती पायथनपर्यंत येते, म्हणून डेटा दिलेला नसला तरी त्याच्या जागी रिकामे मूल्य येते आणि चार आर्ग्युमेंट घेणाऱ्या फंक्शनला पाच मिळून ते कोसळते. हे नावांच्या बदलाने दुरुस्त होत नाही. कोणते कॉलबॅक, म्हणजे जीटीकेला दिलेली अशी फंक्शने, कोणत्या वाटेने नोंदवले आहेत, याचा माग काढावा लागतो. प्रोग्रॅममध्ये अशा तीस-चाळीस जागा असतील, तर विद्यार्थ्याला तो प्रोग्रॅम पूर्ण वाचल्याशिवाय गत्यंतर नसते. दुसऱ्याचा दहा हजार ओळींचा कोड शेवटपर्यंत वाचण्याचा प्रसंग आपल्या अभ्यासक्रमात दुसरीकडे कुठे येतो, हे मला तरी सांगता येणार नाही.

चित्र काढण्याचा भाग याहून अवघड. जीटीके २ मध्ये ‘एक्स्पोज’ ही घटना येई आणि प्रोग्रॅम ग्राफिक्स कॉन्टेक्स्ट व पिक्समॅप वापरून रेघा ओढत असे. जीटीके ३ मध्ये ती सगळी व्यवस्थाच काढून टाकली आहे. ‘ड्रॉ’ हा सिग्नल येतो, त्याच्याबरोबर कैरो या चित्रे काढणाऱ्या लायब्ररीचा कॉन्टेक्स्ट मिळतो आणि सगळे त्यावर काढायचे असते. त्यातली मेख अशी की स्वतःची खिडकी नसलेल्या विजेटमध्ये (खिडकीतल्या बटणासारख्या घटकात) जुन्या कोडला त्या विजेटची जागा, म्हणजे अॅलोकेशनचे एक्स आणि वाय, स्वतः बेरजेत धरावी लागे, तर नवा कॉन्टेक्स्ट आधीच विजेटच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यावर आणून ठेवलेला असतो. बेरीज तशीच राहिली तर आलेख आपल्या चौकटीतून सरकतो, आणि विजेट खिडकीच्या अगदी कोपऱ्यात असेल तर सरकलेला दिसतही नाही. विद्यार्थ्याच्या यंत्रावर बरोबर दिसणारे चित्र परीक्षकासमोर खिडकी मोठी केल्यावर का बिघडते, याचे हे एक नेहमीचे कारण. (पायथनसाठीचे कैरो जोडणारे वेगळे पॅकेज बसवलेले नसेल तर ‘ड्रॉ’चा कॉलबॅक पहिल्याच हाकेला पडतो, आणि दोष आपल्या कोडमध्ये शोधण्यात दुपार जाते. हे प्रत्येक गटाला आधीच सांगून ठेवावे.)

मराठी विद्यार्थ्यांनी हे काम का करावे, याचे माझ्या मते सर्वांत मोठे कारण मजकुराच्या हाताळणीत आहे. पायथन २ आणि पायजीटीके यांच्या जोडीत मजकुराच्या चौकटीतून जी स्ट्रिंग मिळे, ती यूटीएफ-८ बाइटांची असे. ‘मराठी’ हा शब्द त्या चौकटीत लिहिला आणि त्याची लांबी विचारली, तर उत्तर १५ येई, कारण त्यात पाच कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमधली पाच चिन्हे, आहेत आणि देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तीन बाइट घेतो. पायथन ३ मध्ये तेच उत्तर ५ येते. आता एखाद्या जुन्या प्रोग्रॅमने अरुंद रकान्यात बसावे म्हणून नाव पहिल्या वीस एककांवर कापले असेल, तर इंग्रजी नावाला काही होत नसे, पण मराठी नावाची सहा चिन्हे आणि सातव्याचे दोन बाइट उरत, म्हणजे स्ट्रिंगच अवैध होई. तो दोष इंग्रजीत काम करणाऱ्या मूळ लेखकाच्या नजरेस पडणे कठीणच होते. स्थलांतर केल्यावर अवैध बाइट जातात, पण कापणी व्यंजन आणि मात्रा यांच्या मधोमध होऊ शकते, म्हणून ‘ठी’चा ‘ठ’ उरतो. म्हणजे एक दोष गेला आणि त्याच्या जागी सौम्य, पण आपल्यालाच दिसणारा दुसरा आला. तो नीट सोडवायचा तर अक्षरसमूहांच्या सीमा ओळखाव्या लागतात, आणि इथून विद्यार्थी आपोआप युनिकोडच्या नियमांपर्यंत पोहोचतो.

याच्याच पोटात आणखी एक बाब आहे, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. पायजीटीके आयात केले की ते पायथन २ चे मूळ एन्कोडिंग गुपचूप आस्कीवरून यूटीएफ-८ वर बदलत असे. त्यामुळे बाइट आणि युनिकोड यांची सरमिसळ केलेला ढिसाळ कोडही वर्षानुवर्षे विनातक्रार चालत राहिला. पायजीऑब्जेक्ट तसे करत नाही. म्हणून पायथन २ वरच राहून केवळ बाइंडिंग बदलले, तरी प्रोग्रॅम अशा ठिकाणी डीकोडच्या त्रुटीने कोसळतो, जिथे स्थलांतर करणाऱ्याने एक अक्षरही बदललेले नसते. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेतली तर हे कधीच दिसत नाही, आणि पहिले देवनागरी नाव टाकताच दिसते. असे दोष शोधायला आपल्या मुलांइतके योग्य परीक्षक दुसरे नाहीत, आणि हे मी कौतुकापोटी म्हणत नाही.

भाषांतराचेही तसेच होते. जुने प्रोग्रॅम खिडक्यांचा आराखडा लिबग्लेड या लायब्ररीने वाचत. आता तो जीटीके-बिल्डरने वाचला जातो. बिल्डर भाषांतरे सीच्या गेटटेक्स्ट या भाषांतर-यंत्रणेतून घेतो, तर पायथनचे गेटटेक्स्ट मॉड्यूल स्वतंत्र, पायथनमध्येच लिहिलेले आहे. पायथनच्या मॉड्यूलला भाषांतराच्या फायली कुठे आहेत हे सांगितले आणि ‘लोकेल’ मॉड्यूलमधून सीच्या बाजूला सांगायचे राहिले, तर प्रोग्रॅमचे संदेश मराठीत येतात आणि मेनू व बटणे इंग्रजीत राहतात. अर्धी मराठी खिडकी पाहून लोक समजतात की भाषांतर अपुरे आहे, आणि भाषांतर करणाऱ्याला विनाकारण बोल लागतो. दुरुस्ती एका ओळीची असते, ती ओळ कुठली, हे शोधणे एवढेच काम.

नवे बाइंडिंग सर्वच बाबतींत सरस आहे, असा माझा दावा नाही. जीटीके ३ मधले क्लिपबोर्डवर मागणी येईल तेव्हा डेटा पुरवणारे फंक्शन इंट्रोस्पेक्शनमधून वापरता येत नाही, म्हणून ज्या प्रोग्रॅमने त्यावर आपली नक्कल-चिकटवणी बांधली होती, त्याला ती निराळ्या पद्धतीने रचावी लागते. काही ठिकाणी पायजीटीकेची जुनी सफाई गेली आणि सीचा रोखठोकपणा वर आला, हेही खरे आहे. मात्र अशा जागांवर विद्यार्थ्याला निर्णय घ्यावा लागतो आणि तो लेखी समर्थनासह मांडावा लागतो. प्रकल्पात आपल्याला जी रचनात्मक विचारशक्ती पाहायची असते, ती इथे दिसते.

आज लगेच हाती घेण्याजोगा विषय हवा असेल, तर मी जिम्पचे प्लगइन सुचवतो. जिम्प २.१० मध्ये पायथन प्लगइन म्हणजे एक फाइल असे. तिच्यात जिम्पफू हे मॉड्यूल आयात करायचे आणि रजिस्टर या एका हाकेत नाव, मेनूतली जागा आणि आर्ग्युमेंटांची यादी द्यायची, की पर्यायांची खिडकीही आपोआप तयार होई. जिम्प ३.० मध्ये जिम्पफू नाही. प्लगइन हा जिम्पच्या प्लगइन वर्गावरून काढलेला वर्ग असतो, आपण कोणती प्रोसीजर देतो हे तो एका मेथडमधून सांगतो, ती प्रोसीजर दुसऱ्या मेथडमध्ये घडवतो, प्रत्येक आर्ग्युमेंटला नाव, वर्णन, किमान-कमाल मर्यादा आणि मूळ मूल्य जोडतो, आणि ही फाइल तिच्याच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावी लागते. यापेक्षा महत्त्वाचा फरक असा की पूर्वी फंक्शनला एक चित्र आणि एक स्तर मिळत असे, आता स्तरांची यादी मिळते, कारण जिम्प ३ मध्ये एकाच वेळी अनेक स्तर निवडता येतात. जुन्या प्लगइनने अनेक स्तर निवडलेले असताना काय करावे, याचे उत्तर जुन्या कोडमध्ये नसतेच. प्रत्येकावर तेच करावे, की फक्त एकच स्तर स्वीकारून बाकीच्यांना नकार द्यावा, हे प्लगइनचा हेतू समजून ठरवावे लागते. आपल्याकडच्या छपाई आणि छायाचित्रणाच्या लहान व्यवसायांत कोणी असे प्लगइन वापरत असेल, तर गटाने त्या माणसाला भेटून विचारावे. गरजांचे विश्लेषण या प्रकरणात भरायला मग खरा मजकूर मिळेल.

मार्गदर्शकांना पद्धतीबद्दल थोडे सांगतो, कारण असे प्रकल्प फसतात ते बहुधा क्रम चुकल्याने. पायथन २ वरून ३ वर जाणे, पायजीटीकेवरून पायजीऑब्जेक्टवर जाणे आणि जीटीके २ वरून ३ वर जाणे हे तीन वेगळे बदल आहेत. शेवटचे दोन व्यवहारात बरोबरच करावे लागतात. पायजीऑब्जेक्टमधून जीटीके २ वापरण्याची वाट होती, पण तिच्यावर कोणी मुक्काम करू नये. पायथनचा बदल मात्र वेगळा ठेवता येतो आणि ठेवावाच, कारण पायजीऑब्जेक्टच्या ३.३६ पर्यंतच्या आवृत्त्या दोन्ही पायथनवर चालत. डेबियन १० मध्ये जुने पायजीटीके, दोन्ही पायथन आणि त्यांच्यासाठीचे पायजीऑब्जेक्ट हे सारे एकत्र मिळते. म्हणून त्याचा कंटेनर किंवा आभासी यंत्र हा या कामाचा ओटा समजावा. तिथे मूळ प्रोग्रॅम जिवंत चालताना पाहता येतो, त्याच्या वागणुकीची नोंद करता येते, आणि शेजारी नवा चालवून दोन्ही ताडून पाहता येतात. तिथून काम पुरे झाल्यावर मग चालू वितरणावर यावे.

जुने आणि नवे बाइंडिंग एकाच प्रक्रियेत मिसळता येत नाही. पायजीऑब्जेक्ट आयात केल्यावर जुने जीऑब्जेक्ट मॉड्यूल आयात करू पाहिले, तर ते स्पष्ट शब्दांत नकार देते. त्यामुळे ‘निम्म्या खिडक्या या सत्रात, निम्म्या पुढच्या’ असा आराखडा सिनॉप्सिसमध्ये आला, तर तो मार्गदर्शकाने तिथेच थांबवावा. टप्पे पाडायचे ते वेगळ्या रेषेवर: पहिल्या सत्रात जुन्याच बाइंडिंगवर राहून खिडक्या आणि मूळ तर्क वेगळे काढायचे, लिबग्लेडचे आराखडे बिल्डरवर न्यायचे, कैरोने काढता येईल ते कैरोने काढायचे आणि चाचण्या लिहायच्या. यातले सगळे पायजीटीकेवरही चालते, म्हणून प्रोग्रॅम एक दिवसही बंद पडत नाही. प्रत्यक्ष उडी दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला, आणि तोवर ती बरीच लहान झालेली असते. जीटीके ४ चा मोह त्या वर्षी टाळावा. बाइंडिंग तेच असले तरी त्यात मेनू, संवाद-खिडक्या आणि घटनांची रचना पुन्हा बदलते, आणि जिम्प ३ देखील जीटीके ३ वरच आहे.

मूल्यमापनाची अडचण मी जाणतो. ब्लॅक बुकचा, म्हणजे प्रकल्प अहवालाचा, ठरलेला साचा नव्या प्रणालीसाठी आखलेला आहे, आणि डेटा फ्लो आकृत्या काढायला या कामात फारसा वाव नाही. त्याऐवजी मी परीक्षक म्हणून जे मागेन ते असे: स्थलांतरापूर्वी नोंदवलेल्या वागणुकींची यादी, आणि त्यांतली प्रत्येक वागणूक नंतर तशीच आहे की जाणूनबुजून बदलली, याची नोंद. गिट या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनातला इतिहास लहान लहान टप्प्यांत असावा, म्हणजे दोष नेमका कोणत्या बदलात शिरला ते शोधता येते. खिडक्यांच्या चाचण्यांसाठी डॉगटेलसारखे साधन वापरता येते. ते सुगम्यतेच्या थरातून बटणे शोधून दाबते, त्यामुळे अंध वापरकर्त्याच्या स्क्रीन रीडरला आपली खिडकी वाचता येते की नाही, हेही त्याच झटक्यात कळते. व्हायवात मी एकच कॉलबॅक उघडून विचारेन की याची सही का बदलली. ज्याने काम केले आहे तो दोन वाक्यांत सांगतो.

विद्यार्थी हे काम एआय साधनाकडून करून घेतील, ही शंका रास्त आहे. नावे बदलण्याचे काम ती साधने करतातच, पूर्वी स्क्रिप्ट करत असे तसे. ‘ठी’चा ‘ठ’ झाला आहे किंवा आलेख चौकटीबाहेर सरकला आहे, हे मात्र प्रोग्रॅम चालवून, मराठी मजकूर टाकून पाहणाऱ्यालाच कळते, आणि गुण त्या पाहण्याला द्यावेत. डेस्कटॉपचे दिवस संपले, या दुसऱ्या आक्षेपावर मी वेळ घालवणार नाही. प्रकल्पाचा अहवाल लिहायला विद्यार्थी जे उघडतात, ते बहुतेकदा डेस्कटॉपवरच चालत असते. नोकरीच्या दृष्टीने म्हणाल, तर हिंजवडीत किंवा खराडीत रुजू होणाऱ्या मुलाला पहिल्या वर्षी कोरी फाइल क्वचितच मिळते. त्याला दुसऱ्याने लिहिलेला, लेखक निघून गेलेला कोड मिळतो आणि खालची लायब्ररी बदलली आहे, असा निरोप मिळतो.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. सिनॉप्सिसच्या अर्जात विषयाच्या प्रकारांत ‘स्थलांतर व देखभाल’ असा एक प्रकार जोडावा. मंजुरीपूर्वी गटाने मूळ प्रोग्रॅमचा परवाना तपासून, प्रकल्प अजून कोणी सांभाळत असेल तर त्यांना लिहून, ‘आम्ही हे काम करू इच्छितो’ असे कळवलेले असावे, कारण तेच काम दुसरा कोणी आधीच करत असण्याची शक्यता नेहमी असते. झालेले बदल मूळ प्रकल्पाकडे मर्ज रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घेण्याची विनंती, म्हणून पाठवणे अनिवार्य करावे, पण ते स्वीकारले जाण्यावर गुण अवलंबून ठेवू नयेत. स्वयंसेवकांचा वेळ आपल्या सत्राच्या वेळापत्रकाने चालत नाही, आणि मेमध्ये पाठवलेल्या बदलांवरचे परीक्षण डिसेंबरातही येऊ शकते. तेव्हा विद्यार्थी महाविद्यालयाबाहेर गेलेले असतील, म्हणून विभागाने त्या मर्ज रिक्वेस्टसाठी एक कायमचा विभागीय ईमेल पत्ता आणि एक जबाबदार अध्यापक नेमावा. मूळ प्रकल्पाकडून आलेल्या प्रश्नांना पुढच्या तुकडीतल्या कोणीतरी उत्तर द्यावे, आणि त्या उत्तरांनाही प्रयोगशाळेच्या कामाचे गुण असावेत.

सिनॉप्सिसच्या छाननीला बसणाऱ्या समितीत एखाद्या वर्षी असा एक जरी विषय आला, तर त्या गटाच्या कोडचे परीक्षण मी विनामूल्य करीन, आणि माझ्या ओळखीतले आणखी काही विकसकही तयार आहेत.

आपला नम्र,
एक सॉफ्टवेअर विकसक, पुणे